चारशे सतरा नंबरची प्रिंट

"दादा, जॅकेट काढा ना. बाही करवतीत जायची."

"नाही जात. एकोणीस वर्षं हेच घालून काम करतोय."

अनुप हिवराळेने सिनेमाचं रीळ टेबलावर आडवं ठेवलं आणि दोन्ही हातांनी करवतीकडे सरकवलं. पाती कर्कश ओरडली. दहा-बारा सेकंदांत रिळाचे दोन अर्धे झाले. निहारिकाने टॅबलेटवर फोटो घेतला, यादीत टिक केली आणि दोन्ही अर्धे मोठ्या निळ्या डब्यात गेले. सिडनीच्या पश्चिमेकडच्या या डेपोत तीन आठवडे रोज हेच चाललं होतं. बाहेर जानेवारीचं ऊन एकोणचाळीस डिग्रीवर गेलं होतं, आणि आत व्हॉल्टच्या, म्हणजे फिल्म ठेवायच्या थंड खोलीच्या, गारव्यात अनुपला लोकरी जॅकेट लागत होतं. खिडकी एकही नव्हती. नाही म्हणायला माल चढवायचं शटर होतं, ते उघडं असलं की बाहेरचा दिवस दिसायचा.

निहारिका पुण्याची. विल्हेवाट लावणाऱ्या कंपनीने तिला साक्षीदार म्हणून पाठवलं होतं. समोरचा माणूस मराठी निघाला म्हणताना तिला पहिल्या दिवशी हायसं वाटलं होतं. त्याच दिवशी तिने त्याला दादा करून टाकलं.

"उद्या चारशे एक ते चारशे तीस," ती यादी बघत म्हणाली. "सगळ्या सी ग्रेडच्या. मग फ्रायडेला कंटेनर गेला की आपण सुटलो."

"चारशे सतरा पण?"

"हो, आहे ना. सी. का हो?"

"काही नाही," अनुप म्हणाला आणि पुढचं रीळ उचललं.

अनुप ज्या कंपनीचा नोकर होता तिला एके काळी अख्खी दुनिया ओळखत होती. बेलहेवन पिक्चर्स. हातमोजे विकणाऱ्या एका माणसाच्या मुलाने शंभर वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात संत्र्यांची बाग घेतली, झाडं पाडली आणि तिथे शहर उभं केलं. खोटं पॅरिस, खोटं कैरो, खरा दवाखाना, खरी शाळा. वर्षाला पन्नास सिनेमे निघायचे. नटनट्यांना सात-सात वर्षांच्या करारात बांधून ठेवायचे. कुणी नाही म्हटलं की त्याला बिनपगारी घरी बसवायचे आणि ती मुदत कराराच्या शेवटी जोडायची. म्हणजे जितकं भांडाल तितकं जास्त दिवस अडकाल. मग घरोघरी टीव्ही आला, सरकारने कंपनीची थिएटरं विकायला लावली, आणि मालकाने हट्टाने काढलेले तीन भव्य सिनेमे एकापाठोपाठ एक आपटले. पॅरिस आणि कैरोच्या जागी बंगल्यांची कॉलनी झाली. कंपनी आधी डबाबंद फळं विकणाऱ्यांनी घेतली, मग हॉटेलवाल्यांनी, मग टेलिफोनवाल्यांनी. आता ती एका गुंतवणूक फंडाकडे होती, ज्याच्या मालकीचा एकही कॅमेरा नव्हता. त्यांना हवे होते फक्त जुन्या सिनेमांचे हक्क. सिडनी आणि मेलबर्नमध्ये थंड खोल्यांचं भाडं भरून प्रिंटा कशाला सांभाळायच्या, असा साधा प्रश्न त्यांना पडला होता, आणि त्यांच्या बाजूने बघितलं तर तो चुकीचाही नव्हता.

करारात बांधून घेण्याचं अनुपला नवल वाटायचं नाही. तो औरंगाबादहून अकाउंटिंग शिकायला आला, शनिवार-रविवारी डेपोत डबे उचलायला लागला, आणि युनिव्हर्सिटी संपल्यावर बेलहेवननेच त्याचा व्हिसा स्पॉन्सर केला. नोकरी सोडली तर देश सोडायचा. चार वर्षं तो मान खाली घालून राहिला. पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळाला त्या महिन्यात ब्लॅकटाउनला घर घेतलं, मग हप्ते सुरू झाले, मग ऐश्वर्या झाली. एक दिवस त्याच्या लक्षात आलं की दार उघडं आहे, पण आपल्याला बाहेरचं काही येतच नाही. त्याला येत होतं ते एवढंच: फिल्म बोटांच्या चिमटीतून सोडत गुंडाळायची, कडेला फाटलेलं भोक बोटाला लागलं की थांबायचं, चिकटवायचं, आणि डब्यातल्या कार्डावर ग्रेड लिहून सही करायची. भीमजयंतीच्या कार्यक्रमात कुणी विचारलं की तो "मीडियात आहे" असं सांगून वरणाच्या रांगेकडे सटकायचा.

हे काम त्याला डेपोतल्या म्हाताऱ्या केव्हिनने शिकवलं. ए म्हणजे उत्तम, बी म्हणजे चालेल, सी म्हणजे दाखवण्यालायक नाही, डेपोबाहेर जाऊ द्यायची नाही. पण केव्हिनने आणखी एक गोष्ट शिकवली, ती कुठल्या पुस्तकात नव्हती. बाहेर गेलेली प्रिंट कधी धड परत येत नाही. कुठल्या तरी फेस्टिव्हलमध्ये कुणी तरी नवशिका ती प्रोजेक्टरवर उलटी चढवतो आणि पहिल्या रिळावर आरपार रेघ घेऊन ती घरी येते. म्हणून एखादी प्रिंट फारच चांगली निघाली, तर तपासणाऱ्या इन्स्पेक्टरने तिला गुपचूप सी लिहायचं. मग तिला कुणी मागत नाही.

"मार्क हर डाउन, मेट," केव्हिन म्हणाला होता. "मुलीला दृष्ट लागू नये म्हणून तुमच्याकडे काळं लावतात ना, तू सांगितलं होतंस, तसंच."

चारशे सतरा ही ती प्रिंट. १९५४ सालची, बंदरावर वाट बघणाऱ्या एका बाईची गोष्ट, सहा रिळं. त्या काळात थोड्या प्रिंटांवर रंग एकेक करून ठशासारखे छापायचे आणि ते उडायचे नाहीत. बाकीच्या प्रिंटा गुलाबी पडून गेल्या, अमेरिकेतल्या मुख्य ऑफिसने जी डिजिटल प्रत केली तीही अशाच एका गुलाबी प्रिंटवरून. ही मात्र काल छापल्यासारखी होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी अनुपने हिच्या कार्डावर स्वतःच्या हाताने सी लिहिलं. त्यानंतर दरवर्षी तपासायचा, फिल्म पुसायचा आणि खालच्या ओळीत पुन्हा सी लिहायचा. केव्हिन वारला त्या वर्षीही लिहिलं.

आणि आता अमेरिकेहून फर्मान आलं होतं की ए ग्रेडच्या प्रिंटा कंटेनरने परत पाठवा आणि बी आणि सी ग्रेडच्या कापून टाका.

संध्याकाळी त्याची बायको सुचित्रा वृद्धाश्रमातली शिफ्ट करून आली, तेव्हा बाहेर अजून लख्ख उजेड होता. पोळ्या लाटता लाटता तिने सगळं ऐकून घेतलं.

"अरे, मग सांगून टाक ना त्या मुलीला. चांगली आहे म्हणतोस."

"काय सांगू? एकोणीस वर्षं खोटं लिहिलं म्हणून?"

"खोटं काय त्यात? वाचवायलाच लिहिलंस ना?"

"फॉर्मवर तसा रकाना नाहीये."

"मग घेऊन ये घरी. सहा डबे तर आहेत."

"आणि ठेवू कुठे? गॅरेजमध्ये? आज तिथे पंचेचाळीस असेल. दोन उन्हाळ्यांत व्हिनेगरचा वास यायला लागेल आणि तिसऱ्यात चिकट गोळा होईल. त्यापेक्षा करवत बरी. शिवाय तिला प्रत्येक रिळाचा फोटो पाठवावा लागतो."

ऐश्वर्याने फोनमधून मान वर काढली. "डॅड, जस्ट टेल देम द ट्रुथ. व्हॉट आर दे गॉना डू, फायर यू?"

सुचित्राला हसू फुटलं. अनुपही हसला. पुढच्या शुक्रवारी नोकरी तशीही संपणारच होती. नोंदी खोट्या निघाल्या तर जाताना मिळणारी रक्कम बुडेल, हे त्याने जेवताना सांगितलं. सुचित्रा म्हणाली, "बुडू दे. मी आहे ना. पण नंतर वर्षभर तोंड पाडून बसू नकोस." लग्नाला सतरा वर्षं झाली होती, पण या बाईने आपल्याला किती ओळखलंय ते अनुपला त्या संध्याकाळी नव्याने कळलं. त्याला फार बरं वाटलं.

सकाळी गाडीत त्याने वाक्यं जुळवली. निहारिका, एक सांगायचंय, चारशे सतरा सी नाहीये. ट्रॅफिक लाइटला थांबल्यावर मोठ्याने म्हणूनही बघितलं. शेजारच्या यूट ट्रकमधला माणूस त्याच्याकडे बघत होता.

डेपोत पोचला तर निहारिका उभ्यानेच फोनवर बोलत होती. फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

"दादा, मेलबर्नचं कळलं का?"

"नाही. काय झालं?"

"तिथल्या एका कार्डवर खाडाखोड निघाली. एक, फक्त एक. इन्स्पेक्टर म्हणाला, चुकून ग्रेड चुकीची लिहिली होती, म्हणून बदलली. झालं! अमेरिकेने लिहिलं, या माणसाच्या सहीवर आता आमचा विश्वास नाही. सगळा लॉट बाद. ए ग्रेडवाल्यासुद्धा."

"सगळ्या?"

"दोनशे सत्तर. आजपासून कापतायत. मी म्हटलं, अहो, पुन्हा तपासा ना. तर म्हणे, तपासायला दुसरा माणूस आहे कुठे? पूर्ण ऑस्ट्रेलियात दोनच आहेत. तो एक आणि तुम्ही."

अनुपने शटरबाहेर बघितलं. कंटेनर लागलेला होता. त्यात तीनशे बारा प्रिंटा होत्या, प्रत्येकीच्या कार्डावर ए आणि खाली त्याची सही. यातली प्रत्येक सही खरी होती. ती खरी आहे हे सांगणारी दुसरी कुठली गोष्ट जगात नव्हती.

जुळवलेली वाक्यं तोंडातच राहिली. त्याला केव्हिनचा राग आला, मग केव्हिन मेलाय हे आठवून स्वतःचा आला. दरवर्षी पेन त्याच्याच हातात होतं. एका वर्षी जरी ए लिहिलं असतं तरी आज ही बाई जहाजात बसली असती. पण लिहिलं असतं तर कुठल्या तरी फेस्टिव्हलला गेली असती आणि रेघ घेऊन परत आली असती. कुठूनही विचार केला तरी तो त्याच ठिकाणी येऊन आदळत होता.

"दादा, काही म्हणत होतात का?"

"नाही गं. चल, चारशे एक घेऊ."

ते चारशे एक कापून झालं. दोन, तीन झालं. चहाच्या सुट्टीत तो चहा प्यायला नाही, व्हॉल्टमध्ये जाऊन उगाच उभा राहिला. साडेअकराला चारशे सतराचे सहा डबे ट्रॉलीवरून आले. अनुपने पहिला उघडला. निहारिकाने कार्डाचा फोटो घेतला. एकाखाली एक एकोणीस ओळी, एकोणीस वेळा सी. रिळाचं सुटं टोक लोंबत होतं. तिने ते सहज उचललं आणि टेबलाच्या दिव्यावर धरलं.

आणि तशीच धरून राहिली.

"दादा. हे सी कसं?"

अनुपने डब्याचं झाकण उचलून बाजूला ठेवलं.

"तीन आठवडे मी नुसतं गुलाबी बघतेय. हे बघा ना. ही शाल बघा. हे पाणी." तिने मान वर केली. "चुकून लिहिलं गेलंय का? मला सांगा, मी आत्ता मेल टाकते. एक मेल, दादा. मी सांगेन, मी स्वतः बघितलं म्हणून."

ती मनापासून म्हणत होती, हेच वाईट होतं. बाहेर कंटेनरवाल्याने दाराला कडी घातली. अनुपला वाटलं, सांगावं. सगळं सांगावं, केव्हिन, काळं लावणं, सगळं, आणि या पोरीसमोर खाली बसून रडावं.

"चूक नाही," तो म्हणाला. "सी आहे. मीच तपासलीय."

"पण रंग तर..."

"रंगावर नसतं ते. कडेची भोकं फाटलीत. मशीनवर चढायची नाही ही."

निहारिकाने फिल्मच्या कडेवरून हळूच बोट फिरवलं. एक फूट, दोन फूट, तीन फूट. बोट कुठेही अडकलं नाही. तिने त्याच्याकडे बघितलं, मग शटरबाहेर कंटेनरकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. मग तिने फिल्मचं टोक नीट गुंडाळून रिळावर ठेवलं आणि टॅबलेट उचलला.

"सी," ती म्हणाली आणि टिक केली.

अनुपने जॅकेट काढून खुंटीला लावलं आणि करवत चालू केली. पहिलं रीळ त्याने इतक्या सरळ नेलं की दोन्ही अर्धे अगदी सारखे आले. दुसरंही तसंच. त्याचे डोळे भरले होते आणि त्याने ते पुसले नाहीत, कारण दोन्ही हात कामात होते. निळ्या डब्यात लाल आणि हिरवे तुकडे पडत होते आणि निहारिका एकेक फोटो घेत होती. तिसऱ्या रिळानंतर तिने करवत थांबायची वाट पाहिली.

"दादा, ती शालवाली बाई कुणाशी तरी बोलतेय. काय म्हणते ती?"

"माहीत नाही," अनुप म्हणाला. "आपल्या टेबलाला आवाज नाही. मी तिला नुसतं बघितलंय."

त्याने हात पुढे केला. निहारिकाने चौथा डबा उघडून दिला.