विझणारा ठिपका

बाहेरून पाहिलं तर माझ्या मध्यभागी प्रकाशाचा एक ठिपका दिसतो. मोहरीच्या दाण्याहून थोडा मोठा, कडेला किंचित पिवळसर. तो लुकलुकत नाही, स्थिर असतो. आतून कुणी डोळा लावला की ठिपका विझतो, डोळा काढला की परत येतो. एवढीच गोष्ट. पण आमच्या घरात ती कळायला फार वर्षं लागली.

मित्रांनो, मी एक जुना डोळा आहे. दाराचा डोळा. बंद दारामागे उभं राहून बाहेर कोण आलंय ते पाहण्यासाठी लाकडात पितळेची बोटभर नळी बसवलेली असते ना, तीच मी.

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या नळीत भिंगं बसवणारी बाई प्रत्येक नळी खिडकीकडे धरून एक डोळा मिटून पाहायची. माझ्यातून पाहिल्यावर ती म्हणाली, "हं, हा बघतो." आणि मला पेटीत टाकलं. माझ्याबद्दल कुणी बोललेलं ते पहिलं वाक्य. मला ते अजून आवडतं.

माझं बाहेरचं भिंग खोलगट आहे. त्यामुळे जिना, पॅसेज, समोरचं दार, वरचा दिवा, सगळं माझ्यात मावतं. पण या सोयीची किंमत आहे. मधलं फुगतं आणि कडेचं वाकतं. माझ्यासमोर कुणीही उभं राहिलं तरी नाक वांग्याएवढं दिसतं आणि पाय बाहुलीचे. पण हे वाकडेपण सगळ्यांच्या वाट्याला सारखंच येतं. गोरा, काळा, टाय लावलेला, बनियनवर आलेला, माझ्याकडे कुणालाही सवलत नाही.

मला या दारात बसवलं ते इथले आजोबा वारल्यावर, आजी घरात एकट्या राहू लागल्या तेव्हा. त्यांच्या लेकीनं सुताराला बोलावलं. त्यानं विचारलं, "किती उंचीवर?" तेव्हा आजी दाराला नाक लावून उभ्या राहिल्या आणि सुतारानं त्यांच्या डोळ्याजवळ पेन्सिलची खूण केली. म्हणून लेकीला अजूनही माझ्यातून पाहायचं तर वाकावं लागतं, आणि ती दर वेळी कुरकुरते.

आजींनी जन्मभर गणवेश शिवले. शाळांचे, दवाखान्यांचे, पहारेकऱ्यांचे. त्या सांगायच्या, "पहारेकऱ्याच्या खांद्यात मी कापड जास्त सोडते. आतला माणूस काडीपैलवान असला तरी चोराला रुंद वाटला पाहिजे." कपड्यानं माणूस कसा दिसतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

सुरुवातीला माझी चैन होती. जिन्यात खुट्ट झालं की आजी माझ्याकडे धावायच्या. "टीव्हीपेक्षा बरं," त्या लेकीला फोनवर म्हणायच्या, "जाहिराती नाहीत." दर आठवड्याला लिंबाच्या सालीनं माझं पितळ घासायच्या. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाच्या घरी नवा फ्रिज आला, सगळं आम्ही दोघं मिळून पाहायचो.

मग वरच्या मजल्यावर एक माणूस राहायला आला. त्याचे आजोबा समुद्रापलीकडच्या मुलखातून इकडे आले होते. त्याचा रंग आमच्या इमारतीतल्या सगळ्यांहून गडद, केस आखूड आणि दाट कुरळे. तो मुलांच्या दवाखान्यात काम करायचा. तिथे नर्सचं काम करणाऱ्या पुरुषाला ब्रदर म्हणतात, म्हणून इमारतीतही तो ब्रदरच झाला.

पांढऱ्या गणवेशात तो जिना उतरू लागला की सगळ्यांना तो हवा असायचा. समोरचे बँकवाले काका तर पायरीवरच हात पुढे करायचे. "ब्रदर, जरा नाडी बघ रे. काल जेवण जड झालं." तो घड्याळाकडे पाहत नाडी मोजायचा आणि म्हणायचा, "नाडी झकास आहे काका. जेवण कमी करा."

सुट्टीच्या दिवशी मात्र तो करड्या रंगाची हुडी घालायचा. आमचा जिना थंडीत बर्फासारखा गार होतो, म्हणून तिची टोपी डोक्यावर ओढलेली, हात खिशात. माझ्या काचेत तो तसाच, तेवढ्याच नाकाचा दिसायचा. पण काका त्याला पाहून बॅग एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घ्यायचे. एकदा तर त्यांनी त्याला जिन्यात अडवलं.

"कुणाकडे जायचंय?"

त्यानं टोपी मागे सारली. "माझ्याच घरी, काका."

"अरे, तू होय! ओळखलंच नाही बघ."

"चालायचंच," तो म्हणाला आणि हसला. काका दार लावून आत गेल्यावर तो हसत नव्हता. तेही मी पाहिलं.

मग तो दिवस आला. आजी बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आल्या, दार उघडलं, आत शिरल्या, आणि किल्ली बाहेर कुलपातच राहिली. त्या किल्लीला त्यांनी गणवेशाच्या उरलेल्या कापडाची लाल पट्टी शिवली होती. ती दाराबाहेर लोंबकळत राहिली. थोड्या वेळानं ब्रदर पाव घेऊन जिना चढत आला. सुट्टी होती, अंगात हुडी. पट्टी दिसली तसा तो थांबला आणि त्यानं बेल वाजवली.

आजींनी डोळा लावला. दिवा त्याच्या पाठीशी होता, त्यामुळे टोपीखाली नुसता अंधार दिसत होता.

"आजी," तो म्हणाला, "किल्ली..."

त्यांची पापणी माझ्या काचेला घासली. हात साखळीकडे गेला आणि तिथेच राहिला.

त्यानं पुन्हा बेल वाजवली, वाट पाहिली. मग त्याचा हात कुलपाकडे वळला आणि माझ्या कडेला प्रचंड मोठा होऊन खाली दिसेनासा झाला. कुलूप खुळखुळलं. पुढच्या क्षणी दाराखालच्या फटीतून लाल पट्टीची किल्ली आत सरकली आणि त्यांच्या पायाला लागली. बाहेरची पावलं शांतपणे वर गेली.

आजी बराच वेळ किल्ली न उचलता उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तो पांढऱ्या गणवेशात उतरत होता, तेव्हा त्यांनी स्वतःहून दार उघडलं. "काल तू किल्ली दिलीस का रे? मला झोप लागली होती. काही ऐकूच आलं नाही बघ."

तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. आजींकडे नाही, माझ्याकडे. मग म्हणाला, "दुपारची झोप चांगली असते, आजी."

त्या दिवसापासून त्याची एक पद्धत ठरून गेली. आमच्या दाराशी काही काम असलं, तर बेल वाजवून तो मागे सरायचा, बरोबर दिव्याखाली. टोपी मागे सारलेली, हात खिशाबाहेर. मग जरा मोठ्यानं म्हणायचा, "आजी, मी ब्रदर. वरचा." कितीही थंडी असो. माझा ठिपका विझेपर्यंत आणि पुन्हा पेटेपर्यंत तो तसाच उभा असायचा. त्याचे कान गारठून जात असतील, असं मला वाटायचं.

त्याच थंडीत आणखी एक तरुण आमच्या दाराशी आला. गोरापान, पिंगट केसांचा. करडी हुडी, टोपी डोक्यावर, हात खिशात, दिवा पाठीशी. आजींनी डोळा लावला आणि लगेच दार उघडलं. "गारठलास की रे! आत ये." त्यानं त्यांना पाणी गाळायचं यंत्र विकलं. ते पहिल्याच दिवशी गळायला लागलं. आता त्यात मनी प्लांट आहे.

मित्रांनो, मी शाळेत गेलो नाही, पण काचेलाही थोडं गणित येतं. कपडा तोच, दिवा तोच, भिंग तेच. बदलला तो फक्त कपड्यातला माणूस, आणि दार उघडलं. उलट, ब्रदर तोच राहिला आणि त्यानं पांढरा कपडा घातला, तेव्हाही दार उघडलं. म्हणजे नुसत्या हुडीची भीती नव्हती आणि नुसत्या रंगाचीही नव्हती. दोन्ही एकत्र आली की मात्र साखळीवरचा हात हलत नव्हता. त्या दोहोंमधून जो राक्षस तयार व्हायचा, तो मी कधी पाहिलेला नाही. माझ्या काचेत तो नव्हताच.

त्यानंतर माझे दिवस फिरले. आजी माझ्याकडे येईनाशा झाल्या. बेल वाजली तरच, तीही घाईत. लिंबाची साल बंद झाली. पितळ काळवंडलं, काचेवर मोतीबिंदूसारखा धुरकटपणा आला. मला टाळण्यासारखं काय होतं, ते मला ठाऊक होतं.

मागच्या हिवाळ्यात आजी स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडल्या. फोनपर्यंत सरपटत जाऊन त्यांनी लेकीला कळवलं, आणि लेक येऊन स्वतःच्या किल्लीनं दार उघडेपर्यंत त्या थंड फरशीवर पडून होत्या. लेक दुसऱ्या गावात राहते.

"आई, एक किल्ली शेजारी कुणाकडे तरी दे," ती म्हणाली. "नाहीतर माझ्याकडे चल. तिसरा रस्ता नाही."

"विचार करते."

"समोरच्या काकांना दे."

"तो स्वतःची किल्ली विसरून माझ्या घरात बसतो."

"मग वरच्या ब्रदरला दे. दवाखान्यातला माणूस आहे. याहून बरा कोण मिळणार?"

"विचार करते म्हटलं ना."

हा विचार महिनोन् महिने चालला. लेक दर भेटीत विचारायची, आजी विषय बदलायच्या. हे घर त्यांना सोडायचं नव्हतं. इथे त्यांचं शिवणयंत्र होतं, खिडकीतलं ऊन होतं, आजोबांची खुर्ची होती. किल्ली कुणाला द्यायची, हेही त्यांना ठाऊक होतं. कधी कधी त्या लाल पट्टीची किल्ली मुठीत घेऊन दाराशी यायच्या, जिन्यात पावलं वाजली की परत फिरायच्या. ज्या माणसाला आपण दार उघडलं नाही, त्याच्या हातात दाराची किल्ली कोणत्या तोंडानं द्यायची?

गेल्या आठवड्यात लेक पुन्हा आली. या खेपेला रिकामी सुटकेस घेऊन. "मी निघेपर्यंत काय ते सांग," ती म्हणाली.

संध्याकाळी आजी खाली अंगणात बसून वर आल्या. लेक घरात, म्हणून किल्ली नेली नव्हती. त्यांनी बेल वाजवली आणि उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांनी मला बाहेरून कधी नीट पाहिलंच नव्हतं. आत उजेड होता, माझा ठिपका स्थिर होता. त्या त्याच्याकडे पाहत असतानाच ठिपका विझला.

दार उघडलं. आजी आत येईनात.

"तू आत्ता यातून बघितलंस?"

"हो. वाकून. सुताराला काय झालं होतं कोण जाणे."

"बाहेरून कळतं ते?"

"कळतंच की. उजेड जातो ना. सगळ्यांना माहीत असतं, आई."

"मला नव्हतं," आजी म्हणाल्या.

त्यांनी लेकीला आत पाठवून दार लावायला लावलं. "बघ. आता डोळा काढ. परत बघ." शिवण उसवते का ते दोन्ही बाजूंनी ओढून पाहतात, तसं त्यांनी मला तपासलं. ठिपका गेला, आला, गेला. मग त्या आत येऊन चपलांच्या बाकावर बसल्या. थोड्या वेळानं उठून लिंबू कापलं, आणि माझं पितळ लख्ख होईपर्यंत घासलं.

मित्रांनो, म्हाताऱ्या डोळ्याची तुमच्याकडे एक मागणी आहे. मला पुसा, पण दोन्ही बाजूंनी पुसा. आणि कधीतरी दार ओढून घ्या, पॅसेजच्या गारठ्यात उभे राहा आणि तिथून माझ्याकडे बघा. माझ्यातून बाहेर बघणारे पुष्कळ झाले. ठिपका विझताना कसं वाटतं, ते आतून दिसत नाही.

काल सुट्टी होती. दिवस मावळायच्या बेताला जिन्यात पावलं वाजली. करडी हुडी. बेल वाजवून ब्रदर मागे सरला, दिव्याखाली गेला, टोपी मागे सारली, हात बाहेर काढले. "आजी, मी ब्रदर. वरचा."

तो ठिपक्याकडे पाहत थांबला. ठिपका विझला नाही. दार उघडलं.

"उद्या सकाळी पाणी बंद आहे," तो म्हणाला, "नळाचं काम आहे. भरून ठेवा. आजी, न बघताच उघडलंत?"

"हो."

मागे स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. लेक ऐकत असावी.

"त्या दिवशी मी झोपले नव्हते," आजी म्हणाल्या.

"माहीत आहे."

"ठिपका?"

"ठिपका."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

त्यानं खांदे उडवले. "बोललो असतो तर तुम्ही माझ्याशी बोलायचं सोडलं असतंत. इथे माझ्याशी बोलणारे आहेत किती? पण राग आला होता, आजी. आला नाही असं नाही म्हणणार."

"अजून एक सांगते. तू आजी म्हणालास ना, तेव्हा तुझा आवाज मी ओळखला होता. तरी उघडलं नाही."

"हे माहीत नव्हतं," तो हळू म्हणाला.

तो माझ्याकडे पाहत होता, आजी त्याच्याकडे. मला वाटलं, आता तो वर जाईल. तो गेला नाही.

"टोपी वर घे," आजी म्हणाल्या. "कान लाल झालेत तुझे."

"माझे कान लाल होत नाहीत, आजी."

"मग गार झालेत. वर घे म्हणते ना."

त्यानं टोपी ओढली. चेहऱ्यावर पुन्हा अंधार आला. आजी त्या अंधाराकडे पाहत राहिल्या. माझ्याशिवाय, काचेशिवाय, हातभर अंतरावरून. मग त्यांनी मूठ उघडली. तिच्यात लाल पट्टीची किल्ली होती.

"ही आता तुझ्याकडे राहील," त्या म्हणाल्या. "मी पडले-बिडले तर बेल वाजवत उभा राहू नकोस. सरळ उघडून आत ये."