मागच्या रांगेतला हात

"दाबून बघू का जरा?" दीनानाथांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता स्पीकरच्या काळ्या कागदावर चार बोटं ठेवून तो अलगद आत ढकलला.

जुने स्पीकर विकायला काढलेले, पिकल्या मिशांचे एक जर्मन आजोबा दचकून पुढे आले. श्रीनाथने घाईघाईने त्यांना जर्मनमधून समजावलं की वडिलांचा सगळा जन्म लाउडस्पीकर लावण्यात गेलाय, घाबरण्यासारखं काही नाही. कागद आत गेला, तसाच बाहेर आला, कुठे घासला नाही. दीनानाथांनी पेटीवर टकटक करून लाकूड पाहिलं, मागे वाकून स्क्रू पाहिले. घ्यायच्या वस्तूला हात लावल्याशिवाय त्यांनी उभ्या आयुष्यात काही घेतलं नव्हतं.

आजोबांनी रेकॉर्ड लावली. कुणी बाई गात होती.

"गूट?" आजोबांनी विचारलं.

"या, या. गेनाऊ," दीनानाथ म्हणाले. हो, अगदी बरोबर, एवढं जर्मन त्यांना येत होतं.

श्रीनाथ हसला. "अप्पा, आता इथला पासपोर्टच घ्या तुम्ही."

खरी गोष्ट अशी, की बाई गातेय हे दीनानाथांना रेकॉर्डच्या पाकिटावरचा फोटो बघून कळलं होतं. त्यांच्या कानापर्यंत आली होती ती नुसती एक जाड गुणगुण.

जन्मभर कर्ण्यांच्या तोंडाशी उभं राहिल्यावर दुसरं काय होणार म्हणा. बार्शीत 'श्री भगवंत साउंड सर्व्हिस' म्हटलं की लोक दीनानाथांचंच नाव घेत. लग्न असो, सभा असो, की रात्रभर चालणारं भजन, मंडपात पहिला माणूस तेच आणि शेवटचाही तेच. बायको सुलेखा गेली तेव्हा श्रीनाथने त्यांना जर्मनीत कायझर्सलाउटर्नला आणलं. तो इथल्या एका संशोधन संस्थेत, सून मीनल घरूनच कॉम्प्युटरवर काम करणारी. दोघांनीही त्यांचं करण्यात काही कमी ठेवलं नाही. पण बार्शीत ते साउंडवाले होते आणि इथे नुसते कुणाचे तरी वडील. रस्त्यात थांबवून कुणी विचारत नव्हतं की काय दीनानाथ, आज कुठं? महिनाअखेरच्या परतीच्या तिकिटावर त्यांचा सगळा जीव अडकला होता.

आणि नेमकी मीनलला शंका आली. ती मीटिंगमध्ये असताना दाराची बेल वाजत राहिली, पार्सलवाला कंटाळून निघून गेला, आणि अप्पा बैठकीत दाराकडे पाठ करून शांत बसलेले. त्यांनी सांगितलं की डोळा लागला होता. तिने ऐकून घेतलं, पण तिचा विश्वास बसला नाही हे त्यांना दिसलं. ओठ बघायची सवय लागल्यापासून त्यांना लोकांचे चेहरे फार दिसायला लागले होते.

दोन दिवसांनी जेवताना श्रीनाथने विषय काढला. "अप्पा, एकदा कान दाखवून घेऊ. ऐकायला कमी येत असेल तर बार्शीला एकट्याने नाही राहायचं. गॅस असतो, रस्त्यावर गाड्या असतात. मग तुम्ही इथेच राहा."

"माझ्या कानांना काय धाड भरलीय?" दीनानाथ म्हणाले. "तुला घरात चांगला साउंड पाहिजे होता ना? चल, मी निवडतो, मीच जोडून देतो. मग बोल."

हे बोलून बसले खरे. पण त्यांना वाटलं, हातांना सगळं पाठ आहे, निभावून नेऊ. मग त्या जर्मन आजोबांकडून जुन्या पेट्या घेणं तसंच निभावलंही.

शनिवारी सकाळी ते कामाला लागले. श्रीनाथला त्यांनी हातही लावू दिला नाही. दोन्ही पेट्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढल्या, त्यांची तोंडं कोचाकडे किंचित वळवली, खाली फरशीला हादरा बसू नये म्हणून रबराचे तुकडे सरकवले.

"दुपारी रूहेत्साइट असते हं अप्पा, शांततेची वेळ, त्याआधीच वाजवून बघा," मीनल म्हणाली. "खालच्या आजी लगेच वर येतात."

"काय देश आहे," दीनानाथ पुटपुटले. "आमचा आवाज वेशीपर्यंत गेला नाही तर पार्टी पैसे देत नव्हती. इथं खोलीबाहेर गेला तर भांडण."

श्रीनाथ जुन्या आठवणीत गेला. "तुला सांगतो मीनल, अप्पा मला अँप्लिफायरपाशी बसवायचे आणि स्वतः मैदानात सगळ्यात मागच्या रांगेत जाऊन उभे राहायचे. तिथून हात वर केला की वाढव, खाली केला की कमी. मूठ मिटली की बास, बरोबर. मी जीव मुठीत धरून त्या हाताकडे बघत बसायचो."

"त्याचं लक्ष असायचं," दीनानाथ म्हणाले. मुलाचं एवढंच कौतुक त्यांना जमत असे.

आजोबांनी पेट्यांबरोबर दिलेली वायर जुनी होती. दोन्ही पदर सारखेच पांढुरके, एकावर कधीकाळी बारीक रेघ असावी. दीनानाथांनी चष्मा वर-खाली केला, पण रेघ काही धड दिसेना. एरवी त्यांनी ती शोधलीही नसती. एका पेटीचं प्लस-मायनस उलटं लागलं तर गाण्यातला दम जातो, गाणारा मधोमध उभा न राहता कुठल्या कुठे पांगतो. हे त्यांना एका क्षणात ऐकू यायचं. त्यांनी अंदाजाने वायर लावली, गाणं सुरू केलं आणि एकेका पेटीवर तळवा ठेवला. दोन्ही पेट्या थरथरत होत्या. झालं तर मग.

"एकदम खणखणीत," ते म्हणाले आणि वळले.

मीनल कपाळाला आठ्या घालून ऐकत होती. ती काहीतरी बोलणार होती, पण श्रीनाथने तिच्या मनगटावर हात ठेवला. त्याचा चेहरा उतरला होता. पण लगेच तो हसला, आणि तोंड त्यांच्याकडे करून, नीट, सावकाश म्हणाला, "मस्त झालंय अप्पा."

दीनानाथांनी गाणं बंद केलं. या पोराने लहानपणी त्यांना कधी 'मस्त' म्हटलं नव्हतं. तो म्हणायचा, अप्पा, डावीकडचा खरखरतोय.

रविवार तसाच गेला. श्रीनाथने गाणं लावलं नाही. तिकिटाचा विषयही कुणी काढला नाही.

सोमवारी श्रीनाथ कामावर गेला, मीनल आतल्या खोलीत दार लावून बसली. दीनानाथांनी भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला. पेट्यांच्या पुढच्या जाळ्या उतरवल्या, अँप्लिफायरच्या मागच्या वायरी सोडवल्या आणि गुडघे टेकून फरशीवर बसले. ही जुनी, बहिऱ्या माणसालाही जमेल अशी तपासणी. अँप्लिफायरच्या प्लसला लावलेल्या पदराला सेलचं प्लस लावलं की स्पीकरचा कागद बाहेर यायला हवा.

डाव्या पेटीचा कागद बाहेर आला. उजवीचा आत गेला.

त्यांनी पुन्हा सेल लावला. कागद पुन्हा आतच गेला.

त्यांनी सेल फरशीवर ठेवला. चुकीची लाज वाटली, पण तिच्याहून जास्त लागलं ते श्रीनाथचं 'मस्त'. म्हणजे आता घरात सगळे आपल्याशी असंच गोड बोलणार. आपण बरोबर आहोत की चूक, हे आपल्याला कुणीही सांगणार नाही. कदाचित तो पोरगा तिकीटही तसंच राहू देईल, बापाचं मन मोडायला नको म्हणून, आणि मग तिकडे फोन वाजत राहील आणि इकडे तो झुरत बसेल. वायर बदलून गप्प बसणं काही अवघड नव्हतं. म्हणता आलं असतं, परवा जरा घाई झाली, आज ऐकलं आणि लक्षात आलं. वाक्य तयारही झालं होतं त्यांच्या तोंडात.

त्यांनी वायर बदलली, जाळ्या बसवल्या. सेल मात्र घड्याळात परत घातला नाही.

संध्याकाळी श्रीनाथ आला. बूट काढता काढता त्याची नजर घड्याळाकडे गेली. काटे सकाळवरच थांबले होते. कोचावर बसलेल्या अप्पांनी गाणं सुरू केलं. श्रीनाथ एक बूट हातात धरून तसाच उभा राहिला. त्याने दोन्ही पेट्यांकडे पाहिलं, मग मधल्या मोकळ्या भिंतीकडे, जणू तिथे कुणी येऊन उभं राहिलंय.

"अप्पा," तो म्हणाला, "कसं कळलं तुम्हाला?"

दीनानाथांनी त्याच्या ओठांकडे पाहिलं. मग मूठ उघडून दाखवली.

"सेल लावून," ते म्हणाले.

श्रीनाथ जवळ येऊन त्यांच्या पायांशी फरशीवर बसला. डोळे भरले होते त्याचे. "मी परवाच सांगायला हवं होतं. माझी जीभच वळली नाही."

"तू मला कधी खोटं सांगितलं नव्हतंस, आता पण सांगू नको," दीनानाथ म्हणाले. "तुझ्या त्या कानाच्या डॉक्टरची वेळ, टर्मिन का काय ती, घे. आणि तिकीट... ते रद्द कर."

"पुढे ढकलू ना फक्त. मशीन बसवलं की बघू, मग—"

"रद्द कर," ते म्हणाले. "दुकानाची किल्ली शेजारच्या प्रतापकडं आहे. त्याला कळव, कर्णे कुणाला पाहिजे तर देऊन टाक म्हणावं. गंज चढण्यापेक्षा वाजलेले बरे."

श्रीनाथने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मीनल कधीतरी दारात येऊन उभी राहिली होती. ती आत आली आणि समोर बसून म्हणाली, "अप्पा, चहा ठेवू?" त्यांनी मान डोलावली.

मग दीनानाथ गुडघ्यांवर हात देऊन उठले, अँप्लिफायरपाशी गेले आणि आवाजाच्या बटणावर बोटं ठेवली. "आवाज नीट लागला नाही अजून," ते म्हणाले. "तू जा, मागं उभा राहा."

श्रीनाथ खोलीच्या दुसऱ्या टोकाला, स्वयंपाकघराच्या दाराला पाठ लावून उभा राहिला. त्याने हात वर केला. दीनानाथांनी बटण हळूहळू फिरवलं. हात थोडा खाली आला, तेही थोडे मागे आले. त्यांची नजर त्या हातावरून क्षणभरही हलत नव्हती.

श्रीनाथने मूठ मिटली, आणि दीनानाथांनी बटणावरून हात काढला.