खिडकीपुढची जागा

साखरखेर्ड्याच्या मनियार गल्लीत बिस्मिल्लाबींची खिडकी रस्त्याला लागून होती. चाळीस वर्षे गावच्या बायकांनी तिच्या गजांतून हात आत घालून बांगड्या भरून घेतल्या. कोणत्या मनगटाला कोणते माप आणि कोणत्या रंगाला कोणता हात, हे बिस्मिल्लाबी ठरवीत आणि हात पुढे करणारी ते मुकाट्याने मानी. पती रज्जाकमियाँ निवर्तल्यावर दुकानाची पाटी उतरली, पण खिडकी चालूच राहिली. बांगड्या हे एक निमित्त होते. सोयरिकी, सुनांची गाऱ्हाणी, शेजारणींचे रुसवे, साऱ्यांचा निवाडा तिथेच होई.

थोरले दोघे मुलगे पुण्यात रुळले आणि ईदेपुरते येऊ लागले. धाकटा शाकिरही तिथेच इमारतींची संगणकावर चित्रे काढी. एका मोबाइल कंपनीने गावाच्या पाण्याच्या टाकीवर वेगवान इंटरनेटच्या नव्या जाळ्याची चाचणी मांडली, तेव्हा त्याने आपल्या साहेबांकडून महिनाभर गावातूनच काम करण्याची मुभा मिळवली.

"काम इथून अडखळलं नाही, तर कायमचा इथंच राहीन, अम्मी," तो म्हणाला. "अडखळलं, तर जावं लागंल."

त्या दिवसापासून बिस्मिल्लाबींना नमाजीनंतर मागायला एकच गोष्ट उरली.

घरात त्या जाळ्याचे यंत्र बसवायला बुलढाण्याहून धम्मरत्न नावाचा इंजिनिअर आला. यंत्र टाकीच्या सरळ समोर हवे होते, पण गच्चीवरून टाकी दिसेना. शेजाऱ्याने नवा मजला चढवला होता. सरळ टाकी दिसत होती ती फक्त त्या खिडकीतून. धम्मरत्नने तिच्या चौकटीवर एक पांढरा डबा ठेवला.

"या मिलिमीटरच्या लहरी, आजी. अख्खा सिनेमा पापणी लवेपर्यंत येते यावर. पण लय नाजूक. भिंत आडवी आली का थांबल्या. झाडाचा पाला आला का थांबल्या."

"अन् माणूस आलं तर?"

"तरी थांबतात. माणसाच्या अंगात पाणीच जास्त. नुसता पंजा आडवा आला तरी पुरे."

"नव्या नवरीचे एवढे नखरे नसतात, बेटा."

"हाव ना," तो हसला. "म्हणून तर शहरात दर खांबावर एक यंत्र लावा लागते. इथं एकच हाये."

पहिले दोन दिवस शाकिरची अवजड चित्रे वाऱ्यासारखी पुण्याला पोचली. तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या पंचफुलाने सवयीने खिडकीत हात घातला आणि पडद्यावरचे साहेब तोंड उघडे ठेवून थिजले. ती गेली, तोच दुसरी आली. संध्याकाळी शाकिर मान खाली घालून म्हणाला, "अम्मी, ती खिडकी..."

बिस्मिल्लाबींनी त्याला वाक्य पुरे करू दिले नाही.

सकाळी त्यांनी खिडकीतूनच फर्मावले, "आजपासून इथं कुणी उभं राहायचं नाही."

"काऊन हो चाची?" पंचफुलाने विचारले.

"मी म्हणते म्हणून."

मुलगा निघून जाईल अशी भीती वाटते, हे गल्लीसमोर उच्चारणे त्यांना शक्य नव्हते. आजवर त्यांनी कुणाकडे काही मागितले नव्हते. बायकांना घरात बोलवावे, तर बैठकीत शाकिर कानाला यंत्र लावून बसलेला. पुरुषमाणसासमोरून त्या आत येईनात. "पोरगा साहेब झाला, अन् खिडकी महाग झाली," असे कुणीसे जाता जाता ऐकवून गेले. हळूहळू बायका गल्लीच्या पलीकडच्या कडेने चालू लागल्या. समोरच्या बनाबाईंनी तर मान वळवणेही सोडले. शाकिर घरात होता, पण दार लोटून दिवसभर परक्यांशी बोले. जेवणही पडद्यासमोरच होई.

महिना भरला. साहेब त्या दुपारी निर्णय सांगणार होते. बिस्मिल्लाबी उंबऱ्यात बसल्या होत्या, तोच समोरून बनाबाई नात प्रेरणाला घेऊन निघाल्या. प्रेरणाचे लग्न चार दिवसांवर आले होते. गल्लीतल्या प्रत्येक नवरीचा हिरवा चुडा बिस्मिल्लाबींनी भरला होता, प्रेरणाच्या आईचासुद्धा.

त्या उठल्या आणि थेट रस्त्यात आल्या.

"बनाबाई! पोरीले कुठं नेता?"

"चिखलीले. चुडा भराले."

"अन् मी मेले का?"

"तुमच्या खिडकीपाशी उभं राहाची मनाई हाये ना, भाबी."

उत्तरासाठी त्यांनी तोंड उघडले, इतक्यात आतून शाकिरचा आवाज कडाडला, "कोण उभंय तिथं? बाजूला व्हा! लवकर!"

बिस्मिल्लाबींच्या ध्यानात आले. खिडकी त्यांच्या पाठीशीच होती. बाजूला हो असे या गल्लीत त्यांना कुणी कधी म्हटले नव्हते. त्या निमूट सरकल्या आणि भिंतीला टेकल्या.

बनाबाईंचा स्वर नरमला. "पोरानं तुमालेच हटवलं? पोराच्या कामासाठी होती का मनाई? मंग सांगाचं ना, भाबी! चला, आमच्या ओट्यावर भरा पोरीचा चुडा."

क्षणभर बिस्मिल्लाबींनी पाऊल उचललेही. पण त्यांच्या सासूने डोक्यावर टोपली घेऊन दारोदार बांगड्या भरल्या होत्या. ते दिवस संपावेत म्हणूनच रज्जाकमियाँनी भिंत फोडून ही खिडकी काढली होती.

"मी दारोदार जात नाही," त्या म्हणाल्या. "चिखलीत माल बरा मिळतो. हिरवा घ्या, पण काळपट नको."

प्रेरणाने मागे वळून पाहिले. बनाबाईंनी तिचा हात धरला आणि दोघी वळणापलीकडे गेल्या.

थोड्या वेळाने शाकिर धावत बाहेर आला. "अम्मी! मानलं त्यांनी! आता मी कुठंच जात नाही!"

"अल्लाहचे उपकार," त्या म्हणाल्या आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"पण उन्हात काऊन उभ्या तुम्ही?"

"गल्ली पाहत होते."

आत फोन वाजला. शाकिर हसत परतला आणि त्याने दार लोटले. बिस्मिल्लाबी भिंतीला पाठ लावून, खिडकीपुढची जागा मोकळी ठेवून, तशाच उभ्या राहिल्या. गल्लीतून कुणी येत नव्हते.