चांगुणाबाईची धाव

“आत्याबाई, तुमी इथंच बसा फाटकापाशी. म्या पुलापत्तुर जाऊन येते,” असं म्हणत बेबीनंदाने ओढणी कमरेला बांधली आणि ती धावायला लागली.

चांगुणाबाई काही बसली नाही. अजून पुरतं उजाडलं नव्हतं. बदनापूरच्या रेल्वे फाटकापलीकडे सोमठाण्याचा रस्ता सुनसान पडला होता आणि दोन्ही बाजूंना डोक्याएवढी तूर उभी होती. सुनेची पांढरी ओढणी थोडा वेळ हलताना दिसली, मग तीही दिसेना. तेवढ्यात एक जीप फाटक ओलांडून त्याच दिशेने गेली. आतून कुणीतरी शीळ घातली.

चांगुणाबाईने लुगड्याचा कासोटा आवळला, चपला काढून हातात घेतल्या आणि पळत सुटली.

ती फार लांब पोचली नाही. पहिल्या वळणावरच्या बाभळीखाली कुशीत अशी कळ आली की ती मटकन खाली बसली. रात्रीचं खाल्लेलं सगळं उलटून पडलं. बेबीनंदा पुलाला हात लावून परतली, तेव्हा सासू रस्त्याच्या कडेला तोंड पुसत बसलेली.

“अगं बाई! काय झालं?”

“तू दिसना,” चांगुणाबाई म्हणाली. “अन् ती जीप गेली तिकडंच.”

बेबीनंदाने तिला हात देऊन उठवलं. वाटेत दोघींनाही हसू फुटलं. रामकिसन गेल्यापासून त्या दोघी एकत्र हसल्याचं चांगुणाबाईला आठवत नव्हतं.

रामकिसन हा तिचा एकुलता मुलगा. दोन वर्षांपूर्वी जालन्याहून येताना टेम्पो उलटला, त्यात गेला. बेबीनंदा तेव्हा जेमतेम तेविशीची, बारावी झालेली. तिचा भाऊ बद्रीनाथ घनसावंगीला असायचा. तो येऊन म्हणत होता की एक स्थळ बघून ठेवलंय, बहिणीला घेऊन जातो. बेबीनंदाने त्याच्याकडे एकच गोष्ट मागून घेतली होती. पोलीस भरती निघाली होती. पुढच्या खेपेला तिचं वय बसलं नसतं. तेवढी एकदा होऊ दे, मग तू म्हणशील तसं.

मैदानावर तीन किलोमीटर धावायचं होतं. बेबीनंदा शाळा सुटल्यापासून कधी धावली नव्हती. आणि चांगुणाबाई कृषी संशोधन केंद्राच्या शेतात रोजाने निंदण-खुरपण करणारी, पन्नाशीला टेकलेली बाई. तिने धावण्याचा प्रश्नच कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मात्र ती फाटकापाशी आपणहून चपला काढून तयार उभी राहिली.

“तुमी कशाला, आत्याबाई? कालचं इसरल्या का?”

“एकटीला सोडत न्हाई म्या. तू हळू पळ.”

बेबीनंदाने कुठल्याशा मास्तरांकडून ऐकलं होतं की सुरुवातीला बोलता येईल एवढ्याच वेगाने धावायचं. बोलणं तुटलं की चालायचं. म्हणून त्या बोलत धावू लागल्या. आधी बोलणं दर चार पावलांना तुटायचं. बाभळीपर्यंत पळायचं, विहिरीपर्यंत चालायचं, परत पळायचं. चांगुणाबाईच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. शेतात खाली बसली की तिला उठवायला दुसरी बाई लागायची. बरोबरीच्या बायका तोंडाला पदर लावायच्या.

घरी कचरू कावला. तो मालधक्क्यावर हमाली करायचा. तिथं रोज त्याला कुणी ना कुणी टोकत होतं.

“लोक इचारतेत, कचरू, तुझी बायको कोणाच्या मागं लागली?”

“सुनेच्या मागं लागली मनून सांगा,” चांगुणाबाईने भाकरी थापता थापता उत्तर दिलं.

धावताना एक गोष्ट झाली. घरात समोरासमोर बसून ज्या गोष्टी त्या दोघींना बोलता आल्या नव्हत्या, त्या शेजारी शेजारी पळताना बोलता येऊ लागल्या. एकमेकींच्या तोंडाकडे बघायचं नव्हतं. समोर नुसता रस्ता असायचा. बेबीनंदा रामकिसनचं नाव घेऊ लागली. तो तिला मोटारसायकल शिकवणार होता, हे चांगुणाबाईला त्या रस्त्यावर कळलं.

“म्या याच्या आधी कधी पळाले, ठाऊक आहे का?” एक दिवस चांगुणाबाई म्हणाली. “टेम्पोची खबर आल्ती त्या दिवशी. हायवेपत्तुर पळाले. दोनदा पडले. पण तवा पाय माहे नव्हते, बेबे. काही कळतच नव्हतं.”

बेबीनंदाने वेग कमी केला नाही. नुसता हात पुढे करून सासूचा हात धरला, आणि तशाच त्या विहिरीपर्यंत गेल्या.

थंडी पडली. ज्वारी पोटऱ्यात आली. अशाच एका सकाळी धुकं इतकं दाट होतं की पाच हातांवरचं दिसेना. दोघी धावत होत्या. बाभळ कधी गेली, विहीर कधी गेली, धुक्यात कळलं नाही. अचानक पायांखाली रस्त्याचा आवाज बदलला. गार, पोकळ असा. चांगुणाबाईने कान दिला, तर कठड्याखालून दुधना नदीचं पाणी वाहताना ऐकू येत होतं.

ती पुलावर होती. कुठंही न थांबता.

आणि तिला थांबावंसंही वाटत नव्हतं. छातीत भाता होता, पण तो फुटत नव्हता. आपला आपण चालू होता. पाय पडत होते, उचलत होते. तिने त्यांना काही सांगितलं नव्हतं. हे सगळं कोण करतंय, असं तिला वाटलं. या अंगाने तिने बाळंतपण सोसलं होतं, ओझी वाहिली होती, उन्हात वाकून जन्म काढला होता. ते दुखतं, थकतं, एवढंच तिला त्याच्याबद्दल ठाऊक होतं. ते असं काही करू शकतं, हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

पूल संपला. पलीकडच्या बाजूला धुक्यातून सूर्य वर येत होता, लाल, बिनचटक्याचा. डोळे लावून बघता येत होतं त्याच्याकडे. चांगुणाबाई थांबली आणि तिने दोन्ही हात आपल्या मांड्यांवर ठेवले. लुगड्यातून वाफ निघत होती.

“आत्याबाई, रडून राह्यल्या का?”

“न्हाई गं,” ती म्हणाली. “बघून राह्यले.”

भरतीच्या आठवडाभर आधी बद्रीनाथ आला. चहा पिता पिता त्याने चांगुणाबाईला विचारलं, “मावशी, खरं सांगा. निवडून आली तरी ती जाणार, न्हाई आली तरी जाणार. मंग तुमी काहून एवढी तंगडतोड करून राह्यल्या?”

चांगुणाबाईने हे मनाशी पुष्कळदा घोळवलं होतं. सून गेली की घरात ती आणि कचरू, दोघंच.

“जायचं तर तिनं आपल्या पायानं जावं,” ती म्हणाली. “कोणी नेलं मनून न्हाई.”

जालन्याच्या मैदानावर फक्त उमेदवारांना आत सोडत होते. बरोबर आलेले आईबाप, भाऊ, नवरे भिंतीबाहेर उभे होते. भिंत उंच होती; पलीकडचं काही दिसत नव्हतं. आत शिट्टी वाजली, आणि मग चांगुणाबाईने ते ऐकलं. कितीतरी पोरींची पावलं एकदम. लांबून जवळ येणारी, भिंतीपलीकडून जाताना जमिनीतून तळपायाला कळणारी. बाहेरची माणसं बोलायची थांबली.

दुसऱ्या फेरीला पावलं विरळ झाली. पुढच्या पुढे गेल्या, मागच्या मागे राहिल्या. चांगुणाबाईने भिंतीला कान लावला. आणि मग त्या सगळ्या आवाजांमधून तिला एक आवाज ओळखू आला. डावं पाऊल जरा घासून टाकायची बेबीनंदा. इतके दिवस पहाटेच्या अंधारात तेच पाऊल तिच्या शेजारी वाजलं होतं.

“ही माही,” ती शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाली. “आता गेली ती.”

“न बघता कशावरून मावशी?”

तिने नुसतं बोट वर केलं. पुढच्या फेरीला तिने पुन्हा बोट वर केलं, त्याच्या पुढच्या फेरीलाही. शेवटच्या फेरीला ते पाऊल घासत नव्हतं. ते उडत होतं. एकामागून एक पावलं मागे टाकत ते भिंतीपलीकडून सुटलं. मघाचा तो माणूसही आता भिंतीला कान लावून उभा होता.

बेबीनंदाची निवड झाली. लेखी परीक्षा, तपासणी सगळं पार पडून उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिला ट्रेनिंगसाठी नागपूरला बोलावणं आलं. स्टेशनवर बद्रीनाथ होता, कचरू होता. कचरूने सुनेची पेटी आपल्या डोक्यावरून आणली. डब्यात ठेवूनसुद्धा त्याने बराच वेळ तिची कडी सोडली नाही. बेबीनंदा सासूच्या पाया पडायला वाकली, तर सासूने तिला मध्येच धरलं. गाडी हलली. चांगुणाबाईने पदर डोळ्यांना लावला आणि गाडी गेल्यावरच काढला.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती सवयीने उठली. बाजूला सुनेचं अंथरूण नव्हतं. तिने चूल पेटवली, पाणी ठेवलं आणि उंबऱ्यात येऊन बसली.

“आता कोणाची सोबत करायची हाय तुला?” कचरूने गोधडीतून विचारलं. आवाजात चेष्टा नव्हती.

“कोणाची न्हाई,” ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने कासोटा आवळला. “चुलीवर पाणी हाय. जल्दी येते.”

शेतं मोकळी झाली होती. सोमठाण्याच्या रस्त्यावर आता लांबवर दिसत होतं. समोरून कडब्याची एक बैलगाडी येत होती. गाडीवान म्हातारा, तिच्या ओळखीचा नव्हता. नऊवारीतली एक बाई एकटीच, कुणी मागे नाही, कुणी पुढे नाही, अशी धावत येताना त्याने पाहिली. त्याने काही विचारलं नाही. कासरा ओढून बैल रस्त्याच्या कडेला घेतले, आणि ती निघून जाईपर्यंत तिथेच गाडी थांबवून ठेवली.