ग्लास फुटल्याचा आवाज

"हळू, भावजी, हळू! डब्यात केक आहे, दगड नाहीत."

रोस्विथाने पत्र्याचा डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. वेशीच्या अलीकडे फरसबंदी सुरू झाली होती आणि एगोनची जुनी गाडी अंगात आल्यासारखी हादरत होती.

"रस्त्यालाच दगड आहेत, त्याला मी काय करू?" एगोन म्हणाला. "हे गाव घोड्यांसाठी बांधलंय. आणि आता पुढे घोडासुद्धा जायचा नाही. उतर."

एगोन तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ. नवरा गेला, पण भावजींचं नातं टिकलं, आणि त्या नात्यात त्यांची गाडीही आली. टपालखात्याची गाडी हाकण्यात त्याचा जन्म गेला होता. निवृत्त होऊनही रस्त्याकडेची टपालपेटी दिसली की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. आज मात्र रोस्विथाने त्याला कुठेही रेंगाळू दिलं नव्हतं. उजाडायच्या आत ती नवे बूट घालून त्याच्या दारात उभी होती.

दोन वर्षांनी लेक दिसणार होती. मरायकेने सुतारकीचं शिक्षण पुरं केलं, काळी घोळदार विजार आणि रुंद काठाची काळी हॅट चढवली, गाठोडं खांद्यावर टाकलं आणि निघाली. तीन वर्षं आणि एक दिवस गावोगाव हिंडून काम करायचं, खिशात मोबाइल ठेवायचा नाही, आणि तोवर आपल्या गावाच्या पन्नास किलोमीटरच्या आत पाऊल टाकायचं नाही, हा या फिरत्या सुतारांचा जुना नेम. निघताना आपल्या कोथेन गावाच्या पाटीखाली दारूची बाटली पुरायची, परतल्यावर उकरून प्यायला, मग पाटीवर चढून पलीकडे उडी मारायची आणि मागे वळून पाहायचं नाही, हाही नेमच. रोस्विथाला तो ठाऊक होता. तरी रस्ता वळेपर्यंत ती पाटीखाली उभी राहिली होती, आणि पोरगी खरंच वळली नव्हती. त्याचा राग तिने दोन वर्षं जपून ठेवला होता.

स्वयंपाकघरातल्या नकाशावर तिने मरायकेच्या शाळेतल्या कंपासने पन्नास किलोमीटरचं वर्तुळ काढून ठेवलं होतं. गेल्या आठवड्यात खाणावळीच्या फोनवरून मरायके म्हणाली, "आई, मी हेल्मरोडेत आहे. एका जुन्या घराचं छप्पर नव्याने उभं केलंय. शनिवारी समारंभ आहे आणि वरून मी बोलणार आहे. ये ना बघायला." रोस्विथा रिसीव्हर तसाच टाकून नकाशाकडे धावली. हेल्मरोडे वर्तुळाच्या बाहेर होतं, अंगठ्याएवढंच, पण बाहेर.

बघायला येते, असं तिने सांगितलं. घेऊन जायला येते, हे सांगितलं नाही.

कोथेनचा म्हातारा मिस्त्री नाताळाला काम थांबवणार होता. मरायके त्याच्याच हाताखाली शिकली होती. बेकरीत पाव घ्यायला आला तेव्हा तो रोस्विथाला म्हणाला होता, पोरगी आत्ता आली तर कारखाना तिचा, वर्षभर मात्र मी थांबू शकत नाही. यात चुकीचं काय होतं? रविवारी संध्याकाळी घरात फक्त फ्रीजचा आवाज यायचा, हे काही तिने मिस्त्रीला सांगितलं नव्हतं. गाडीची मागची सीट तिने स्वतः रिकामी करून पुसली होती.

"मध्येच सोडून येणाऱ्याला सुतारांत कुणी विचारत नाही," वेशीतून आत जाताना एगोन म्हणाला. "ती कुणाला तोंड दाखवणार?"

"तोंड मला दाखवेल की! आणि तुम्ही तिच्यासमोर यातलं काही बरळू नका."

आतली गल्ली इतकी अरुंद होती की वरच्या मजल्यावरच्या बाया समोरासमोर मीठ मागू शकल्या असत्या. प्रत्येक मजला खालच्यापेक्षा थोडा पुढे सरकलेला, लाकडी तुळया तिरक्या, एकही कोन धड नाही, आणि तरी सगळी घरं एकमेकांना खेटून शेकडो वर्षं उभी. खिडक्यांतून लाल फुलं ओसंडत होती. रोस्विथाला यातलं काही दिसत नव्हतं. ती मान उंचावून छपरं शोधत चालली होती आणि तिचं काळीज नव्या बुटांपेक्षा जास्त वाजत होतं.

"ते बघा! ते!"

चौकाच्या कोपऱ्यात एका घराच्या माथ्यावर नव्या लाकडाचा सांगाडा उन्हात पिवळाधमक उभा होता. शेंड्यावर देवदाराच्या फांद्यांचं गोल तोरण, त्याला रंगीत फिती. आणि तोरणाखाली, आढ्यावर एक पाय टाकून, काळ्या हॅटमध्ये मरायके.

"किती वर चढलीय ती!" रोस्विथाला एकदम हसू आलं आणि डोळेही भरून आले. "दंड बघा तिचे, भावजी! इथून दिसतायत!"

"दंड कसले, बाही आहे ती."

चौक माणसांनी भरला होता. सॉसेज भाजल्याचा धूर, बिअरची पिंपं, बॅंडवाल्यांची तुतारी. रोस्विथा एगोनला मागे घेऊन कोपर मारत पुढे घुसली आणि भिंतीच्या चौकटी भरायला कालवून ठेवलेल्या गाऱ्याच्या ढिगाशी जाऊन थांबली. माती आणि गवताचा तो ओला ढीग सगळ्यांनी टाळला होता, म्हणूनच तिथून नीट दिसत होतं. नवा बूट घोट्यापर्यंत आत गेला. तिने शिवी गिळली आणि तिथेच उभी राहिली.

शेजारी एक म्हातारा कुत्र्याला कडेवर घेऊन उभा होता.

"पाहुण्या दिसता. पहिल्यांदाच बाई बोलणार आहे आमच्याकडे वरून. बरं बोलली तर ठीक, पण ग्लास फुटला पाहिजे."

"ग्लास?"

"बोलणं झालं की वाइन पिऊन ग्लास खाली फेकायचा. फुटला की घराचं कल्याण. नाही फुटला, तर..." म्हाताऱ्याने कुत्र्याचे कान झाकले. "मी तरुण असताना एकाचा फुटला नव्हता. चांगला उंचापुरा गडी. चौकभर लोक गप्प. दुसऱ्या दिवशी हॅट काढून ठेवली आणि घरी निघून गेला. आणि हे लोक हॅट कुणापुढे काढत नाहीत हो, नगराध्यक्षापुढेसुद्धा नाही!"

"घरी गेला?" रोस्विथाने विचारलं.

"सरळ आईकडे."

तुतारी थांबली. मरायकेने हातात ग्लास घेतला आणि खाली पाहिलं. तिची नजर गर्दीवरून फिरत आली, गाऱ्याच्या ढिगाशी थांबली आणि तिचा चेहरा उजळला. मग तिने गळा साफ केला.

"वासा बसला, खुंटी बसली, वाऱ्याला आता वाट नाही!" आवाज चौकभर घुमला. "या घरातून आल्यागेल्याची उपाशी जायची रात नाही!"

लोकांनी आरोळी ठोकली. तिने घरधन्याला एक टोमणा मारला, इथल्या मिस्त्रीला दोन, बिअर पातळ असल्याबद्दल नगराध्यक्षाला एक. लोक पोट धरून हसत होते. रोस्विथा त्या माणसांकडे पाहत होती, मग पुन्हा वर. घरी ही पोरगी पाहुण्यांसमोर तोंड उघडत नसे. कुणाची ही, असं तिला वाटलं, आणि माझी, माझी, असं ओरडावंसंही वाटलं.

मरायकेने ग्लास एका घोटात रिकामा केला आणि हात मागे नेऊन फेकला.

ग्लास उन्हात चमकत आला. माणसांनी जागा मोकळी केलेल्या फरशीवर तो पडायचा, पण मध्ये बाहेर आलेल्या तुळईला निसटता लागून वळला आणि थप्प करून गाऱ्यात घुसला. रोस्विथाच्या बुटाशेजारीच. अर्धा आत, अर्धा बाहेर, एक ओरखडासुद्धा नाही.

उन्हाच्या तिरिपीत बाकी कुणालाच तो कुठे गेला ते दिसलं नव्हतं. सगळे आवाजाची वाट पाहत होते. आवाज आला नाही.

तुतारीवाल्याने ओठांशी नेलेली तुतारी खाली घेतली. वर मरायके आढ्याला धरून वाकली होती. तिचं हसू जागच्या जागी थिजलं होतं, आणि तो चेहरा रोस्विथाला ओळखीचा होता. सायकलवरून पडल्यावर, रडायच्या आधी, तो असाच व्हायचा.

फक्त उभं राहायचं होतं. दुसरं काही करायचंच नव्हतं. बूट थोडा सरकवला असता तरी ग्लास मातीत नाहीसा झाला असता. मागची सीट रिकामी होती. तिने एगोनकडे पाहिलं. एगोन तिच्या बुटाकडे पाहत होता.

रोस्विथाने केकचा डबा त्याच्या हातात कोंबला. ती खाली वाकली, जणू बुटाची नाडी बांधायला, गाऱ्यातून ग्लास उपसला आणि लोकांच्या पायांमधून फरशीवर असा हाणला की काचा पार बॅंडवाल्यांपर्यंत उडाल्या.

खळ्ळ!

चौक एका दमात ओरडला. टोप्या उडाल्या, तुतारी बेसूर वाजली, म्हाताऱ्याचं कुत्रं भुंकायला लागलं.

"उशिरा फुटला, पण फुटला!" म्हातारा रोस्विथाच्या पाठीत थाप मारून म्हणाला. "विचार करून फुटला!"

मरायके शिडीवरून उतरली ती शेवटच्या चार पायऱ्या उडी मारूनच. तिने आईला उचलूनच घेतलं. हॅटचा काठ रोस्विथाच्या कपाळावर आपटला.

"काढ की गं ती हॅट! धड मुका घेता येत नाही."

"नाही काढायची, आई. नेम आहे." मरायके हसत होती, तिच्या अंगाला लाकडाचा वास येत होता. मग तिने आईचा उजवा हात हातात घेतला. मनगटापर्यंत गारा होता, बोटांत गवताच्या काड्या. मरायके त्या हाताकडे पाहत राहिली. मग तिने गळ्यातला रुमाल सोडला आणि एकेक बोट पुसलं.

"केक खा," रोस्विथा म्हणाली. "आलुबुखाराचा आहे. तुझे दंड केवढे झालेत!"

केक मिस्त्रीने खाल्ला, घरधन्याने खाल्ला, म्हाताऱ्याच्या कुत्र्यानेही खाल्ला. बिअर पोटात गेल्यावर एगोनला कंठ फुटला.

"खरं सांगू का, मरायके, आम्ही आज इथे परत न्यायला..."

"डबा!" रोस्विथा म्हणाली. "डबा परत न्यायचाय. मागच्या वेळी यांच्या घरी राहिला तो वर्षभर मिळाला नाही. आण इकडे."

मरायकेने दोघांकडे पाहिलं आणि डब्याला चिकटलेला शेवटचा चुरा बोटाने खाल्ला.

"पुढल्या शरदात येते, आई. पाटीवरून उडी मारून. तिथे खाली पुरलेली बाटली तू काढली नाहीस ना?"

"मला काय करायचीय तुझी बाटली?"

ऊन कलल्यावर मरायके त्यांना वेशीपर्यंत पोचवायला आली. रोस्विथाने तिचे दोन्ही गाल हातात धरले, सोडले, आणि गाडीकडे चालू लागली. दार उघडून बसली, पट्टा लावला. एगोनने गाडी सुरू केली.

"अगं, हात हलवतेय ती. बघ तरी."

"मागे बघायचं नसतं. चला."

"हा नेम निघणाऱ्या सुताराला असतो. तुला कुणी घातला?"

"चला म्हणते ना."

गाडी फरसबंदीवर खडखडू लागली. रोस्विथाने समोरच्या काचेवरून नजर हलवली नाही. थोडं पुढे गेल्यावर तिने हळूच विचारलं,

"भावजी, तुमच्या आरशात काय दिसतंय?"

एगोनने आरशात पाहिलं. मग पुन्हा एकदा पाहिलं.

"हॅट काढलीय तिने, तुझ्यापुढे," तो म्हणाला.

रोस्विथाने डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"हळू चालवा, भावजी."

"अगं, डबा रिकामा आहे आता."

"असू दे. हळू."