रोज पाऊण तास पुढं

धाकू मुकादमाच्या सगुणाचं लग्न झालं ते साल एकोणीसशे बावन्न. त्या वैशाखात ठाण्याच्या कोपरीतल्या मांडवात जावई गुणाजीनं काही मागितलं नाही. मागितलं ते त्याच्या आईनं, आणि तेही न मागता. पंगतीनंतर हात धुता धुता रखमाबाई एवढंच म्हणाल्या, की मोहन्याच्या कारखान्यात एकेकाच्या मनगटावर सासऱ्यानं दिलेलं घड्याळ असतं, आमचा गुणाजी तेवढा भोंगा ऐकून कामाला जातो. एवढं बोलून त्यांनी पदराला हात पुसले. त्यांच्या हातावर पाणी घालणाऱ्या धाकूनं तांब्या खाली ठेवला.

धाकू खाडीवरच्या मिठागराचा मुकादम. अक्षराशी त्याची ओळख नव्हती, पण कुठल्या तिथीला पाणी कधी चढणार हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचा. नवं घड्याळ घेणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. नशीब असं, की त्याच पावसाळ्यात मिठागराचे म्हातारे शेठ कारभार मुलाकडे देऊन घरी बसले, आणि जाताना आपलं घड्याळ धाकूच्या हातावर ठेवून गेले. घड्याळ विलायती, चांदीच्या कड्याचं, आतलं यंत्र ठणठणीत. फक्त वरची काच फुटून तिचे तीन तुकडे झालेले. दिवाळसणाला हेच जावयाला द्यायचं, असं धाकूनं ठरवलं.

हे घड्याळ त्यानं तीस वर्षं शेठच्या हातावर पाहिलं होतं, आणि पाहिलं होतं ते फक्त बांधावर. खाडीचं पाणी आत घ्यायची जी उघाडी, तिच्या दारापाशी शेठ उभे राहायचे, मनगटाकडे बघायचे आणि म्हणायचे, पाणी येतंय, दार उचला. पाणी यायचं. तेव्हा घड्याळ कशासाठी असतं याबद्दल धाकूच्या मनात शंकाच नव्हती. सूर्य आभाळात सगळ्यांना फुकट दिसतो. तो कुठं आलाय हे कळायला कोण शहाणा मनगटाला यंत्र बांधील? घड्याळ खाडीसाठीच.

कोजागिरीच्या सकाळी तो टेंभी नाक्यावर भाऊंच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात गेला. भाऊ मालवणकडचे, वाळकुडे, डोळ्याला भिंग लावून लावून एक भुवई कायमची वर गेलेली. त्यांनी पातळ पात्यानं घड्याळाचं कडं उचकटलं, खाचेत अडकलेला काचेचा चुरा ब्रशनं झाडला, माप घेतलं आणि कागदाच्या पुड्यांतून एक काच काढली. नावाला काच, होती ती वाकणाऱ्या कचकड्याची. भाऊंनी ती पंजासारख्या चिमट्यात धरून सगळीकडून आवळली. काच मधे फुगली, कडेनं आक्रसली. तशीच कड्यात ठेवून त्यांनी चिमटा सैल केला. टक्कन आवाज होऊन काच पसरली आणि खाचेत गच्च बसली.

धाकूला ही करामत फार आवडली. म्हणाला, "नवी सून अशीच. अंग चोरून आत येते, आणि एकदा शिरली की घर व्यापते."

"माझ्याकडे आहेत दोन," भाऊ भिंग न काढता म्हणाले.

घड्याळ कसं बघायचं तेही भाऊंनी सांगितलं. दोन्ही काटे वर एकमेकांना चिकटले की बारा, एवढं त्यातलं धाकूच्या लक्षात राहिलं. दुपारी तो उघाडीवर जाऊन उभा राहिला. पौर्णिमेची भरती भर दुपारची. पाणी बांधाच्या वरच्या खुणेला टेकलं आणि त्यानं मनगट वर केलं, तर दोन्ही काटे एकावर एक, माथ्यावर. त्यानं गड्यांना बोलावून दाखवलं. नव्या काचेतून सगळ्यांना स्वच्छ दिसलं. धाकूला वाटलं, रखमाबाई आत्ता इथं पाहिजे होत्या.

दुसऱ्या दिवशी पाणी खुणेला टेकलं तेव्हा लहान काटा बारा सोडून एकाच्या अंगाला गेलेला होता.

खाडीचं पाणी रोज पाऊण तास उशिरा चढतं, हे खाडीकाठच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. धाकूलाही होतंच. पण ते सूर्याच्या मानानं उशिरा. घड्याळ सूर्याच्या बाजूचं असेल, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. त्याला दिसलं ते इतकंच, की काच बदलली आणि घड्याळ पुढं पळायला लागलं.

बायको गोदानं आणखी तेल ओतलं. शेठकडे होतं तवा गुमान चालायचं, ती म्हणाली, आता जावयाच्या हातात पळतं घड्याळ द्या, म्हणजे विहीणबाईला वर्षभर पुरेल.

धाकू तडक टेंभी नाक्यावर. भाऊंनी घड्याळ भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाशी लावून बघितलं. मिनिटाचा फरक नाही. धाकू हटेना, पाऊण तास पुढं आहे म्हणजे आहे. कशाशी ताडून पाहिलं ते त्यानं सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काय होतं? भाऊंनी घड्याळ परत दिलं. तिसऱ्या दिवशी धाकू पुन्हा हजर: आता दीड तास पुढं. नवी काच काट्यांना घासते, असं त्याचं निदान.

"अहो मुकादम, काच काट्याला लागली तर घड्याळ थांबेल. पळेल कशाला?"

"बैलाला पराणी लागली तर तो थांबतो का?"

भाऊंनी घड्याळ पुन्हा पुढ्यात ओढलं. त्यांनी चिमटा घेतला, पहिली काच काढली आणि जास्त फुगीर काच बसवून दिली. घड्याळ बेडकाच्या डोळ्यासारखं दिसायला लागलं. चौथ्या दिवशीही ते पुढंच. तेव्हा भाऊंनी धाकूला हात जोडले आणि बाजूची चावी ओढून काटे कसे फिरवायचे ते दाखवलं. जेवढं पुढं जाईल तेवढं रोज मागं घ्या, म्हणाले, पण दुकानात येऊ नका.

धाकूला हा इलाज पटला. त्या दिवसापासून भरती पुरी चढली की तो चावी ओढायचा आणि काटे मागं नेऊन बारावर आणायचा. असं रोज पाऊण तास करत करत पंधरा दिवसांत काटे अख्खा फेरा मारून आले, आणि अमावास्येच्या दुपारी, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, घड्याळ आपोआप जगाच्या वेळेवर येऊन बसलं. अमावास्येची भरतीही भर दुपारचीच. धाकूनं ते मुद्दाम भाऊंना नेऊन दाखवलं. भाऊंनी भिंतीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि म्हणाले की बघा, काच बरोबर बसली म्हणून सुधारलं. धाकू म्हणाला, मी रोज मागं ओढलं म्हणून सुधारलं. दोघेही खूश झाले.

पाडव्याला गुणाजी आला. रखमाबाईही आल्या, मुलाला एकटं पाठवलं तर ताटात काय पडलं ते कळणार कसं? गोदानं ओवाळलं आणि धाकूनं सगळ्यांसमोर घड्याळ जावयाच्या मनगटाला बांधलं. रखमाबाईंनी फुगीर काचेवर बोट फिरवलं. त्या काही बोलण्याआधी धाकूनं प्रामाणिकपणे सांगून टाकलं, "जावईबापू, माल जातिवंत हाय. खोड एकच. रोज पाऊण तास पुढं जातंय. सकाळी तेवढं मागं घेत जा."

गुणाजीनं सासऱ्याकडे क्षणभर बघितलं. मग मान खाली घालून म्हणाला, "बरं, मामा."

पण धाकूच्या जिवाला घोर लागला. आठव्या दिवशी सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन तो गाडीनं आंबिवलीला उतरला आणि मोहन्यात लेकीच्या दारी गेला. तिथं वेगळाच मामला. रखमाबाई शेजारच्या बायजेला सांगत होत्या, की लोकांची घड्याळं रखडत चालतात, आमच्या गुणाजीचं एवढं दमदार की रोज ओढून धरावं लागतं. बायजेच्या जावयाचं घड्याळ दिवसाला पाच मिनिटं मागं पडायचं.

धाकूला बरं वाटलं, पण तिन्हीसांजेपर्यंतच. त्या दिवशी अष्टमी. अष्टमीची भरती दिवेलागणीला. म्हणजे या वेळी दोन्ही काटे वर पाहिजेत. त्यानं हळूच जावयाच्या मनगटाकडे बघितलं, तर एक काटा माथ्यावर आणि दुसरा सरळ खाली, भांडलेल्या भावांसारखे.

सकाळी चहाच्या वेळी गुणाजीनं आईसमोर चावी ओढली, काटे पाऊण तास मागं घेतले आणि कामाला निघाला. धाकू सोबत निघाला. वळणावरच्या चिंचेपलीकडे गेल्यावर गुणाजी थांबला, पाठमोरा झाला, आणि त्यानं तेच काटे पाऊण तास पुढं केले.

धाकूनं त्याचं मनगट धरलं.

"मामा, रागावू नका," गुणाजी म्हणाला. "कारखान्याचा भोंगा सूर्यावर होतो. तो रोज त्याच वेळेला. घड्याळपण त्याचंच. तुम्ही खाडीवर लावत होता."

"तुला कोन बोलला?"

"पाऊण तास म्हणालात तवाच कळलं. माझा आजा पण मिठागरावरच होता."

धाकू रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसला. टेंभी नाक्यावरच्या पाच खेपा, दोन काचा, बैलाची पराणी, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. मग त्यानं विचारलं, "मंग तवाच का नाय बोललास?"

"आई होती ना समोर," गुणाजी म्हणाला.

तेवढ्यात भोंगा झाला आणि तो पळत सुटला.

धाकू परत आला तो सगळं कबूल करायचं ठरवून. जावयानं रोज चिंचेमागं चोरी करावी, हे त्याला बरं वाटेना. पण ओट्यावर रखमाबाई बसल्या होत्या, बायजा होती, आणखी दोघी होत्या. रखमाबाईंनी त्याला बसायला पाट दिला, आजवर दिला नव्हता एवढा मोठा, आणि सुनेला हाक मारली की तुझ्या बाबाला चहा टाक, दूध जास्त घाल. मग बायजेकडे बघत त्यांनी विचारलं, "काय व्याही, पळतंय ना रोज पाऊण तास? हिला खोटं वाटतंय."

धाकूनं सगुणाकडे बघितलं. ती दारात उभी होती, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा सासूच्या शेजारी खेटून उभी होती.

"विहीणबाई," तो म्हणाला, "मी सोता तपासलंय."

चहा पिऊन तो दुपारच्या गाडीनं ठाण्याला परतला. गोदानं घड्याळाचं विचारलं तेव्हा म्हणाला, उत्तम चाललंय. धाकू असेपर्यंत रखमाबाईंनी त्याला मोठा पाट दिला नाही असं कधी झालं नाही, आणि रखमाबाई असेपर्यंत गुणाजीनं काटे मागं घेतले नाहीत अशी सकाळ गेली नाही.

धाकू मुकादम एकोणीसशे सत्तावन्नच्या फाल्गुनात तापानं वारला. रखमाबाई एकोणसाठच्या श्रावणात गेल्या.