वनाचा डाग आणि घरचा दवाखाना

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. नरडाणा गावात ताईबाईच्या घरी आलो तेव्हा माझ्यात बिस्किटं होती. झाकणावरची फुलं बघायला पाहुणे मला हातात घेत. बिस्किटं संपली आणि ताईबाईने माझ्यात उरलेल्या गोळ्या ठेवायला सुरुवात केली. पाकिटं जागा खातात म्हणून ती गोळ्या सोलून सुट्याच टाकी. तापाच्या, जुलाबाच्या, कंबरेच्या, सगळ्या एकत्र. शेजारीपाजारी मला घरचा दवाखाना म्हणत. त्याचा मला केवढा अभिमान होता. आता आठवलं की संताप येतो.

ताईबाईचा नवरा वना जिनिंगच्या कारखान्यात ट्रकवर कापसाच्या गाठी चढवतो. ट्रक भरला की त्याची कंबर धरते, आणि ताईबाई माझ्यातली पांढरी गोळी त्याच्या हातावर ठेवते. एकदा त्याच्या लिंगाच्या टोकावर गोल, काळसर लाल डाग उठला. त्या जागेचं नाव घ्यायला माणसं लाजतात. मी पत्र्याचा, मला कसली लाज? आग झाली, कातडी सोलली, मग बरं वाटलं. पुढचा ट्रक भरला आणि डाग पुन्हा त्याच जागी.

ताईबाईने तो पाहिला.

"ट्रकवाल्यास्ना संगे कोठे जातस तुम्ही? खरं सांगा."

"कोठेच नही. पोरेस्नी आन."

"मंग हाई काय शे?"

तिने माहेरी जायची पिशवी भरून दाराशी ठेवली. भांडण ऐकून शेजारचा झुलाल ओट्यावरून हसला, "वना भाऊ, ढाब्यानी भाजी बाधनी का?"

आग थांबावी म्हणून वनाने माझ्यातलीच आणखी एक गोळी गिळली. मला झाकण घट्ट धरता आलं असतं तर!

दुखणं वाढलं तेव्हा तो धुळ्याला डॉक्टरांकडे गेला. खरं काय ते ऐकायला ताईबाईही गेली, आणि डॉक्टर औषधांचं विचारतील म्हणून मला सोबत घेतलं.

"डाग उठण्याआधी दर वेळी एखादी गोळी घेतली होती का?" डॉक्टरांनी विचारलं.

वनाने ताईबाईकडे बघितलं. तिनेच सांगितलं, "कंबरनी गोळी. मीच देस."

"मग हा बाहेरून आणलेला आजार नाही. एखाद्याला साधी गोळीही सोसत नाही. ती घेतली की डाग त्याच जागी उठतो. गोळीचं नाव काय?"

तिने मला टेबलावर उघडलं. पांढऱ्या गोळ्याच गोळ्या, आणि एकीलाही नाव नाही.

"यातली कुठली, ते मलाही सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "आता यातली एकही घ्यायची नाही."

घरी आल्यावर ताईबाईने माहेरची पिशवी रिकामी केली आणि मलाही. वनाचा डाग फिका झाला. झुलालचं बोलणं मात्र तो अजून विसरलेला नाही.

मित्रांनो, गोळीचं नाव तिच्या पाकिटावरच राहू द्या. आणि माणसावर आळ घेण्याआधी, आपणच त्याच्या हातावर काय ठेवलं ते आठवा.